पडद्यावरची रात्रशाळा

मुलांनो, जगाचा नकाशा उघडा आणि त्यात आफ्रिका खंड शोधा. या खंडाचा पश्चिम किनारा अटलांटिक महासागरात जिथे सर्वांत पुढे आलेला दिसतो, तिथे बोट ठेवा. तो सेनेगल देश. त्या टोकावरच डाकार हे राजधानीचे शहर वसले आहे. सेनेगलच्या शेतांत भुईमूग पिकतो. किनाऱ्यावरचे कोळी लाकडी होड्या घेऊन समुद्रात जातात. भात आणि मासे हे तिथले आवडीचे जेवण. देशातील बहुसंख्य लोक मुसलमान आहेत. त्यामुळे इब्राहीम, उस्मान, फातिमा अशी तुमच्या ओळखीची नावे तिथेही कानांवर पडतात. फक्त त्यांचे उच्चार थोडे वेगळे असतात.

अशाच एका उस्मानची ही गोष्ट आहे. तो कोळ्याचा मुलगा होता. तेरा-चौदा वर्षांचा असताना त्याची शाळा सुटली. त्याने भिंती बांधल्या, बंदरावर ओझी वाहिली. पुढे तो नामवंत लेखक झाला. आणि वयाची चाळिशी जवळ आली असताना, चांगले नाव मिळालेले असताना, तो पुन्हा विद्यार्थी झाला आणि चित्रपट बनवायला शिकला. आज जग त्याला आफ्रिकी चित्रपटाचा जनक म्हणून ओळखते. लेखक म्हणून मान मिळाल्यावर पुन्हा पहिल्यापासून धडे गिरवण्याची गरज त्याला का वाटली असेल? ते समजण्यासाठी आपण त्याच्या लहानपणाकडे जाऊ.

उस्मान सेंबेन यांचा जन्म १९२३ साली सेनेगलच्या दक्षिण भागात, कासामांस नदीच्या काठी असलेल्या झिगिंशोर या गावी झाला. त्या वेळी सेनेगलवर फ्रान्सचे राज्य होते. उस्मानचे वडील मासेमारी करीत. उस्मान मदरशात जाऊन कुराण शिकला आणि फ्रेंच शाळेतही जाऊ लागला. घरात वोलोफ, मदरशात अरबी आणि शाळेत फ्रेंच अशा तीन भाषा त्याच्या कानांवर पडत. तुम्हीही घरी, शाळेत आणि बाजारात वेगवेगळ्या भाषा ऐकता. तेव्हा या मुलाची स्थिती तुम्हांला सहज कळेल.

फ्रेंच शाळा त्याला फार दिवस लाभली नाही. १९३६ च्या सुमारास मुख्याध्यापकांशी त्याचे भांडण झाले आणि त्याला शाळेतून काढून टाकण्यात आले. वडिलांनी त्याला आपल्याबरोबर होडीवर नेले. पण समुद्रावर गेले की उस्मानला मळमळे, उलट्या होत. कोळ्याचा मुलगा आणि त्याला समुद्र लागतो, मग करायचे काय? शेवटी १९३८ साली त्याला डाकारला नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता.

डाकार हे त्या वेळी एक शहर नव्हते. एका नावाखाली ती दोन शहरेच होती, असे म्हणा ना! उंचावर ‘प्लातो’ नावाचा भाग होता. तिथे रुंद रस्ते, सरकारी कचेऱ्या आणि गोऱ्या साहेबांचे बंगले होते. दुसरीकडे ‘मदिना’ नावाची वस्ती होती. १९१४ साली शहरात प्लेगची साथ आली, तेव्हा सरकारने अनेक आफ्रिकी लोकांना मूळ शहरातून हलवून तिथे वसवले होते. साथ गेली, पण वस्ती राहिली. गावाकडून पोटासाठी आलेली माणसे अशा वस्त्यांत दाटीवाटीने राहत, सकाळी वरच्या शहरात कामाला जात आणि संध्याकाळी परत येत.

उस्मान त्यांच्यापैकीच एक झाला. त्याने गाड्या दुरुस्त केल्या, नळ बसवले, गवंड्याचे काम केले. दिवसभर घाम गाळावा आणि फुरसत मिळेल तेव्हा चित्रपट पाहावा, असा त्याचा क्रम असे. पण त्या चित्रपटांत त्याच्यासारखी माणसे कुठे होती? पडद्यावर दिसत ती युरोप-अमेरिकेतली घरे आणि तिथलेच नायक. आफ्रिका दिसलीच तर जंगल आणि जनावरे म्हणून दिसे. मदिना वस्तीतला गवंडी, नळवाला किंवा गाडीवान पडद्यावर येत नसे.

याला कारणही होते. १९३४ साली फ्रान्सच्या सरकारने एक हुकूम काढला होता. आपल्या आफ्रिकी वसाहतींत कोणालाही चित्रपट काढायचा असेल, तर त्याने आधी सरकारची परवानगी घेतली पाहिजे, असा तो हुकूम होता. आफ्रिकी माणसाच्या हाती कॅमेरा जाणे त्यामुळे जवळजवळ अशक्यच झाले. ज्यांचा देश होता त्यांनाच आपल्या देशाचे चित्र दाखवता येत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, उस्मानला फ्रान्सच्या सैन्यात भरती व्हावे लागले. युद्ध संपल्यावर तो डाकारला परतला. १९४७ च्या ऑक्टोबर महिन्यात पश्चिम आफ्रिकेतील रेल्वे कामगारांनी मोठा संप पुकारला. काम सारखे असेल, तर गोऱ्या कामगारांना मिळतात त्या सवलती आम्हांलाही मिळाव्यात, अशी त्यांची मागणी होती. संप पाच महिन्यांहून अधिक काळ चालला. घरांतील चुली थंडावल्या, पण कामगार आणि त्यांच्या घरच्या बायका डगमगल्या नाहीत. हे दिवस उस्मान कधीच विसरला नाही.

त्याच सुमारास तो बोटीने फ्रान्सला गेला. काही काळ त्याने मोटारींच्या कारखान्यात काम केले. मग तो मार्सेय या बंदराच्या शहरात स्थिरावला आणि गोदीत हमाली करू लागला. जहाजातून पोती उतरवायची, पेट्या चढवायच्या, दिवसभर पाठीवर ओझे वाहायचे. एके दिवशी असेच ओझे उतरवताना अपघात झाला आणि त्याच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. कित्येक महिने त्याला जड काम करता येईना.

मुलांनो, संकटात माणूस काय करतो, यावरून त्याची पारख होते. सक्तीच्या विश्रांतीचे हे दिवस सेंबेन यांनी वाचनात घालवले. कामगार संघटनेचे ग्रंथालय हीच त्यांची शाळा झाली. लहानपणी सुटलेली शाळा त्यांनी अशी पुन्हा भरवली. वाचता वाचता ते लिहू लागले. १९५६ साली मार्सेयच्या गोदीत काम करणाऱ्या एका आफ्रिकी माणसावरची त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. १९६० साली त्यांनी रेल्वे संपावर मोठी कादंबरी लिहिली. संपात भाग घेतलेले कामगार, त्यांच्या आया आणि बायका त्या कादंबरीत जिवंत झाल्या. सेंबेन यांचे नाव दूरवर पोहोचले.

त्याच वर्षी सेनेगल स्वतंत्र झाला. सेंबेन आफ्रिकेत परतले. निरनिराळ्या देशांत फिरले. आणि फिरताना एक गोष्ट त्यांच्या मनाला टोचू लागली. त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या होत्या कोळ्यांवर, कामगारांवर, बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांवर. पण त्या लिहिल्या होत्या फ्रेंच भाषेत. फ्रेंच किती जणांना वाचता येत होते? फारच थोड्यांना. ज्यांची सुखदुःखे पुस्तकात होती, त्यांना ते पुस्तक उघडताही येत नव्हते. आपले पुस्तक परदेशातले विद्वान वाचतात आणि आपल्या गल्लीतला माणूस वाचू शकत नाही, तर मग आपण लिहिले कोणासाठी?

या प्रश्नाचे उत्तर त्यांनी शोधून काढले. चित्रपट समजण्यासाठी अक्षरे यावी लागत नाहीत. दिवसभर राबणारा माणूस रात्री जेवण झाल्यावर पडद्यासमोर बसू शकतो, पाहू शकतो, विचार करू शकतो. सेंबेन यांना चित्रपट म्हणजे प्रौढांची रात्रशाळाच वाटली. त्यांनी पुस्तके लिहिणे सोडले नाही, पण आता कॅमेरा शिकायचे ठरवले. ते मॉस्कोला गेले आणि तिथल्या गॉर्की स्टुडिओत मार्क डॉन्स्कॉय या प्रसिद्ध दिग्दर्शकाच्या हाताखाली शिकले. विद्यार्थी म्हणून त्यांचे वय जास्त होते, भाषा परकी होती, थंडी तर अंग गोठवणारी. तरी शिकून ते डाकारला परत आले.

१९६३ साली त्यांनी आपला पहिला चित्रपट पूर्ण केला. त्याचे नाव ‘बोरोम सारेत’, म्हणजे गाडीवाला. तो जेमतेम वीस मिनिटांचा आहे. आफ्रिकेतच राहून कृष्णवर्णीय आफ्रिकी माणसाने तयार केलेला हा पहिला कथाचित्र समजला जातो. त्यात राजा नाही, लढाई नाही. एका गरीब गाडीवानाचा एक दिवस, एवढीच त्याची कथा.

हा गाडीवान सकाळची नमाज पढतो आणि घोडागाडी जोडून डाकारच्या रस्त्यावर येतो. ओळखीची माणसे गाडीत बसतात. कोणी नुसता हात मिळवून उतरून जातो, पैसे देत नाही. एक बाई बाळंतपणासाठी दवाखान्यात जायला निघालेली असते, तिला तो पोहोचवतो. दुपारी एक भाट येऊन त्याच्या पूर्वजांच्या पराक्रमाची गाणी गातो. गाडीवानाची छाती फुगते आणि सकाळपासूनची कमाई तो त्या भाटाला देऊन टाकतो!

मग त्याच्या गाडीत एक बाप येऊन बसतो. त्याच्या हातात त्याच्या लहानग्याची मय्यत आहे. दोघे कब्रस्तानाच्या फाटकाशी येतात. पण बापाकडची कागदपत्रे बरोबर नाहीत, म्हणून पहारेकरी त्याला आत जाऊ देत नाही. आता गाडीवान काय करील, असे तुम्हांला वाटते? तो त्या बापासाठी भांडेल? त्याच्याजवळ थांबेल? नाही. तो बाळाचा देह जमिनीवर ठेवतो आणि त्या दुःखी बापाला तिथेच सोडून निघून जातो. त्याला दुसरे भाडे शोधायचे असते.

इथे जरा थांबा. सेंबेन यांना गरिबांविषयी अपार माया होती. तरीही त्यांनी आपल्या गाडीवानाला देवमाणूस बनवले नाही. तो कष्टाळू आहे, भोळा आहे, पण तोही दुसऱ्या गरिबाला वाऱ्यावर सोडतो. भुकेला माणूस कधी कधी आपल्यासारख्याच दुसऱ्या भुकेल्याकडे पाठ फिरवतो, हे सत्य सेंबेन यांनी लपवले नाही. त्यांना पाहणाऱ्यांकडून टाळ्या नको होत्या. पाहणाऱ्यांनी स्वतःकडे पाहावे, अशी त्यांची इच्छा होती.

पुढे काय होते पाहा. एक झकपक कपडे घातलेला माणूस गाडीवानाला प्लातो भागात चलायला सांगतो. तिकडे घोडागाड्यांना मनाई आहे. पण तो माणूस आपली मोठ्या लोकांशी ओळख असल्याचे सांगतो आणि गाडीवान भुलतो. वरच्या शहरात पोलीस त्याला अडवतो. कागद काढताना गाडीवानाला सैन्यात मिळालेले पदक खाली पडते आणि पोलीस त्यावर बूट ठेवतो. झकपक माणूस भाडे न देताच पसार होतो. पोलीस गाडी जप्त करतो. गाडीवान नुसत्या घोड्याला घेऊन रिकाम्या हाताने घरी येतो. त्याची बायको मूल त्याच्या हाती देते, आज रात्री आपण जेवू असे सांगते आणि बाहेर पडते. ती पैसे कुठून आणणार, ते चित्रपट सांगत नाही. तो प्रश्न घेऊनच आपण उठतो.

स्वातंत्र्य येऊन तीन वर्षे झाली होती. वरच्या शहरातले साहेब बदलले होते, पण खालच्या शहरातल्या गाडीवानाची वाट अजून अडलेलीच होती. एवढी मोठी गोष्ट सेंबेन यांनी एका घोडागाडीच्या आधारे सांगितली.

१९६६ साली त्यांचा पहिला मोठा चित्रपट आला. त्याचे नाव ‘ला न्वार द...’. डाकारच्या गरीब वस्तीतील जुआना नावाची मुलगी एका फ्रेंच कुटुंबाकडे कामाला लागते. ते तिला फ्रान्सला नेतात. तिथले सुंदर जग पाहायला मिळेल, या आनंदात ती असते. पण तिला दिसते ते फक्त स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि चार भिंती. जुआनाला लिहिता-वाचता येत नाही. एके दिवशी तिच्या आईचे पत्र येते. तेही आईने दुसऱ्याकडून लिहून घेतलेले. घरमालक ते वाचून दाखवतो आणि तिच्या वतीने उत्तर लिहायला बसतो. आपण खुशाल आहोत, मजेत आहोत, असे तो स्वतःच्याच मनाने लिहू लागतो. जुआना आईचे पत्र फाडून टाकते. आपले दुःख सांगायला आपल्याजवळ अक्षरेही नसावीत, आणि परक्या माणसाने आपल्या नावाने खोटे लिहावे, याहून मोठा एकटेपणा कोणता? या मुलीचा शेवट फार दुःखद होतो. वर्तमानपत्रात आलेल्या एका खऱ्या बातमीवरून सेंबेन यांना ही कथा सुचली होती. या चित्रपटात वस्तीतल्या शिक्षकाचे छोटेसे काम स्वतः सेंबेन यांनीच केले आहे. हाच शिक्षक अडाणी लोकांना पत्रेही लिहून देतो.

या चित्रपटाला फ्रान्समध्ये आणि आफ्रिकेतही मोठे पुरस्कार मिळाले. पण सेंबेन यांचे समाधान झाले नव्हते. त्यांच्या पहिल्या चित्रपटांत पात्रांचे बोलणे फ्रेंचमध्ये होते. ज्या गाडीवानाला फ्रेंच येत नाही, त्याच्या मनातले विचार प्रेक्षकांना फ्रेंचमध्ये ऐकू येत होते. ज्या कारणासाठी पुस्तकांकडून चित्रपटांकडे यायचे, तीच अडचण पुन्हा पुढे उभी होती. तेव्हा १९६८ साली त्यांनी ‘मांदाबी’ हा चित्रपट वोलोफ भाषेत काढला. पश्चिम आफ्रिकी भाषेतला हा पहिला मोठा चित्रपट मानला जातो. त्यातील कलावंत बहुतेक नवखेच होते. ते जसे घरी बोलत, तसेच पडद्यावर बोलले. डाकारच्या लोकांना पडद्यावर आपली भाषा ऐकू आली!

मांदाबी म्हणजे मनीऑर्डर. मनीऑर्डर म्हणजे काय, हे तुमच्या आजी-आजोबांना विचारा. परगावी नोकरीला गेलेला मुलगा टपालाने घरी पैसे पाठवी आणि घरची माणसे पोस्टमनची वाट पाहत बसत. ‘मांदाबी’ची कथा अशाच वाट पाहण्यातून सुरू होते.

इब्राहीमा नावाचा एक बेकार माणूस दोन बायका आणि सात मुलांसह डाकारमध्ये राहतो. तो नमाजी आहे, सरळ आहे, पण थोडा ऐटबाजही आहे. त्याचा भाचा पॅरिसमध्ये रस्ते झाडण्याचे काम करतो. एके दिवशी भाच्याची २५,००० फ्रँकची मनीऑर्डर येते. त्यातले २०,००० भाच्यासाठी जपून ठेवायचे, ३,००० त्याच्या आईला द्यायचे आणि फक्त २,००० इब्राहीमाचे. पण बातमी पसरायला वेळ लागत नाही. घरात उधारीवर तांदूळ येतो. दारात शेजारी उभे राहतात. कोणाला उसने पैसे हवे असतात, कोणाला जुनी उधारी वसूल करायची असते. हातात एक पैसा आलेला नाही आणि वाटेकरी मात्र हजर!

इब्राहीमा पोस्टात जातो. तिथे ओळखपत्र मागतात. ओळखपत्रासाठी पोलीस ठाण्यात जातो. तिथे जन्मदाखला, फोटो आणि सरकारी तिकीट मागतात. जन्मदाखल्यासाठी नगरपालिकेत जातो. तिथे जन्मतारीख विचारतात, ती त्याला नेमकी ठाऊक नसते. फोटोवाला पैसे घेतो, पण फोटो देत नाही. उलट इब्राहीमालाच मारहाण होते. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत खेटे घालून तो थकतो. जिवंत माणूस समोर उभा आहे, पण कागद नाही म्हणून तो कोणीच नाही.

शेवटी त्याचा एक शिकलेला, सुटाबुटातला नातेवाईक मदतीला येतो. तो मुखत्यारपत्र करून घेतो. म्हणजे इब्राहीमाच्या वतीने पैसे काढण्याचा अधिकार स्वतःकडे घेतो. इब्राहीमा विश्वासाने सही करतो. नातेवाईक पैसे काढतो आणि खिसा कापला गेल्याचे सांगून इब्राहीमाच्या हाती तांदळाचे एक पोते ठेवतो. मनीऑर्डर गेली, कर्ज मात्र राहिले. इब्राहीमा इतका खचतो, की या जगात आपणही चोर आणि लबाड व्हावे, असे त्याला वाटू लागते. तेव्हा पोस्टमन त्याला समजावतो. हे सारे बदलायला हवे आणि ते आपण सर्वांनी मिळून बदलायचे, असे तो सांगतो. पोस्टमनचे बोलणे इब्राहीमाला पटले की नाही, हे सेंबेन यांनी आपल्यावर सोडले आहे.

लोक हा चित्रपट पाहताना हसले, कारण कचेरीतल्या त्या रांगा त्यांच्या ओळखीच्या होत्या. हसता हसता गप्पही झाले असतील, कारण इब्राहीमाला फसवणारा कोणी परका नव्हता. तो त्याचाच नातेवाईक होता. त्याच्याजवळ विद्या होती, पण त्या विद्येने त्याने आपल्याच माणसाला लुटले. व्हेनिसच्या प्रसिद्ध चित्रपट महोत्सवात ‘मांदाबी’ला पुरस्कार मिळाला.

१९७५ साली त्यांनी ‘खाला’ नावाचा चित्रपट काढला. नाव ऐकून तुम्हांला आपली खाला आठवली असेल, पण वोलोफ भाषेत हा शब्द एका शापासाठी वापरतात. यात एक श्रीमंत व्यापारी आपल्या दुकानासमोरचे भिकारी पोलिसांकडून उचलून शहराबाहेर पाठवतो. ते भिकारी, लंगडे आणि आंधळे सुद्धा, पायी पायी परत येतात. शेवटी कळते, की त्यातल्या एका आंधळ्याची जमीन याच व्यापाऱ्याने लबाडीने बळकावली होती. भिकारी जन्मतः भिकारी नसतो, त्याला कोणीतरी भिकारी केलेले असते, हे त्या एका प्रसंगातून समजते. हा चित्रपट सेनेगलमध्ये दाखवण्यापूर्वी सरकारने त्यातील अनेक दृश्ये कापली. सेंबेन यांनी काय केले असेल? कापलेली दृश्ये कोणती, हे सांगणारी पत्रके छापून त्यांनी लोकांत वाटली!

स्वतःच्या भाषेसाठीही ते असेच अडून बसत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मित्रांच्या मदतीने वोलोफ भाषेत ‘काद्दू’ नावाचे नियतकालिक काढले. त्यांच्या एका ऐतिहासिक चित्रपटाच्या नावात ‘द’ हे अक्षर एकदा लिहायचे की दोनदा, यावरून सरकारशी वाद झाला. सेंबेन एक अक्षर कमी करायला तयार झाले नाहीत. तो चित्रपट कित्येक वर्षे त्यांच्या देशात दाखवता आला नाही. फ्रेंच भाषेचा त्यांनी कधी द्वेष केला नाही. पुस्तके ते फ्रेंचमध्येच लिहीत राहिले. दुसऱ्याची भाषा शिकावी, पण त्यासाठी आपली भाषा टाकून देऊ नये, असे त्यांचे वागणे होते.

आपले चित्रपट मोठ्या शहरांतील थिएटरांत दाखवून ते थांबले नाहीत. पडदा आणि यंत्र घेऊन ते गावोगावी जात. खेळ संपला की लोकांत बसून चर्चा करीत. लोक कधी वाद घालत, कधी रागावत. सेंबेन यांना ते आवडे. शाळेत प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत, मग ती रात्रशाळा का असेना! १९६९ साली वागादुगू या शहरात आफ्रिकी चित्रपटांचा महोत्सव सुरू झाला, त्याच्या संस्थापकांतही ते होते.

त्यांनी एकूण नऊ मोठे चित्रपट काढले. त्यांपैकी एक १९४४ साली डाकारजवळ थियारोय येथे घडलेल्या घटनेवर आहे. तिथे आपला थकलेला पगार मागणाऱ्या आफ्रिकी सैनिकांवर फ्रेंच सैन्याने गोळ्या झाडल्या होत्या. शेवटचा चित्रपट ‘मूलादे’ २००४ साली आला. एका खेड्यातील बाई लहान मुलींना एका घातक रूढीपासून वाचवण्यासाठी आपल्या घरात आसरा देते, अशी त्याची कथा आहे. तेव्हा सेंबेन ८१ वर्षांचे होते. ९ जून २००७ रोजी डाकारमध्ये त्यांचे निधन झाले.

मुलांनो, आता सुरुवातीचा प्रश्न आठवा. मोठा लेखक झाल्यावर हा माणूस पुन्हा विद्यार्थी का झाला? कारण ज्यांच्याविषयी तो लिहीत होता, त्यांच्यापर्यंत त्याला पोहोचायचे होते. मान मिळाला, पुरस्कार मिळाले, पण गाडीवानाला आपली गोष्ट कळली नाही, तर त्या मानाचा उपयोग काय, असे त्याला वाटले.

तुम्हांला वाचता येते. एकाच नाही, दोन-तीन भाषांत वाचता येते. कधी तुमच्या शेजारची एखादी दादी किंवा गल्लीतले एखादे चाचा हातात कागद घेऊन तुमच्याकडे येतील. तो बँकेचा अर्ज असेल, दवाखान्याची चिठ्ठी असेल किंवा कचेरीची नोटीस. मराठीत काय लिहिले आहे, ते त्यांना समजत नसेल. तेव्हा जुआनाचे पत्र आठवा, इब्राहीमाने न समजता केलेली सही आठवा. खेळायला उशीर होत असला तरी थोडे थांबा. तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत नीट वाचा आणि त्यात जे लिहिले आहे तेच, त्यांच्या भाषेत, त्यांना समजावून सांगा. समजल्याशिवाय सही करू नका, हेही सांगा. गोदीत ओझी वाहणाऱ्या त्या उस्मानला आयुष्यभर हेच काम करायचे होते.